आरोग्य विमा कंपन्यांची चढाओढ : जाहिरातीतला फायदा आणि दवाखान्यातला फायदा

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्यावर आला. विम्याचे फोन आधीही येत होते, आता त्यात 'टॅक्स माफ झालाय, हीच वेळ आहे' हे वाक्य वाढलं आहे. एक कंपनी म्हणते, दहा लाखांचं कव्हर घ्या. दुसरी म्हणते, रक्कम संपली तर आम्ही पुन्हा भरून देऊ. तिसरी म्हणते, क्लेम केला नाही तर दोन वर्षांत कव्हर दुप्पट. करमाळ्यातला दुकानदार असो की सांगोल्यातला डाळिंब बागायतदार, ऐकणाऱ्याला वाटतं की एवढ्या कंपन्या मागे लागल्यात म्हणजे आपलं काहीतरी भलंच होणार.

विकणारे वाढले की घेणाऱ्याचा फायदा होतो, हे बाजाराचं साधं गणित आहे. आरोग्य विम्यात मात्र ते अर्धंच लागू पडतं. पॉलिसी घेताना ज्या गोष्टी डोळ्यांना दिसतात, त्यात कंपन्यांच्या स्पर्धेने खरोखर सुधारणा झाली. ज्या गोष्टी माणूस दवाखान्यात भरती झाल्यावरच समजतात, त्यात कंपन्या आपणहून फारशा पुढे आल्या नाहीत. तिथे बहुतेक वेळा विमा नियामक प्राधिकरणाला, म्हणजे बोलीभाषेतल्या 'इर्डा'ला, नियम करावे लागले. हा फरक लक्षात आला तर एजंटला कोणते प्रश्न विचारायचे ते आपोआप कळतं.

एका पॉलिसीपासून शेकडो पॉलिसींपर्यंत

आपल्याकडे आजही अनेक जण आरोग्य विम्याला 'मेडिक्लेम'च म्हणतात. हे नाव १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणलेल्या पॉलिसीचं. तेव्हा नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया या चारच कंपन्या होत्या, आणि चौघींची पॉलिसी जवळपास सारखी होती. गिऱ्हाइकाला निवड नव्हती, पण घोळही नव्हता.

१९९९ च्या कायद्याने इर्डाला अधिकार मिळाले आणि २००० पासून खासगी कंपन्यांना दार उघडलं. २००६ मध्ये फक्त आरोग्य विमा विकणारी पहिली कंपनी, स्टार हेल्थ, आली. २००७ पासून आग, वाहन वगैरे विम्याचे सरकारने बांधून दिलेले दर टप्प्याटप्प्याने सुटले. याचा आरोग्य विम्याशी थेट संबंध होता. तोपर्यंत कंपन्या कारखान्यांच्या आगीच्या विम्यातून चांगला नफा कमवत आणि मेडिक्लेममधला तोटा त्यातून भरून काढत. दर सुटल्यावर आगीच्या विम्यात दर पाडण्याची शर्यत लागली आणि हा आधार गेला. आरोग्य विम्याला आपल्या पायावर उभं राहणं भाग पडलं.

आज निव्वळ आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्याच अर्ध्या डझनाहून जास्त आहेत. शिवाय वीसहून अधिक सर्वसाधारण विमा कंपन्याही आरोग्य विमा विकतात. एकेका कंपनीच्या चार-पाच पॉलिसी, प्रत्येकीचे दोन-तीन प्रकार, वर जोडून घ्यायची कव्हर वेगळी. निवड भरपूर झाली, तुलना अवघड झाली.

स्पर्धेने काय दिलं?

आधी चांगली बाजू पाहू. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक-दोन लाखांचं कव्हर म्हणजे खूप वाटायचं. आता दहा लाखांचं कव्हर सर्रास विकलं जातं, आणि कव्हर दुप्पट केलं म्हणून हप्ता दुप्पट होत नाही. कारण सोपं आहे. बहुतेक बिलं लाख-दोन लाखांच्या आतली असतात, त्यामुळे वरच्या लाखांची जोखीम कंपनीला कमी पडते.

रिस्टोअर, म्हणजे संपलेलं कव्हर त्याच वर्षात पुन्हा भरून मिळणं, ही सोय स्पर्धेतूनच आली. एका कंपनीने दिली, मग दुसरीने दिली, मग कुणी 'अमर्याद वेळा' देऊ लागलं. नो-क्लेम बोनसचंही तसंच. पूर्वी वर्षाला ५ टक्के कव्हर वाढायचं, आता ५० टक्के, १०० टक्के वाढ देणाऱ्या पॉलिसी आहेत. शुगर, बीपी असलेल्यांना जादा हप्त्यात पहिल्या दिवसापासून किंवा महिन्याभरानंतर कव्हर देणाऱ्या पॉलिसी आल्या. ग्लोव्हज, सिरिंज, मास्क असल्या खर्चाचं वेगळं कव्हर आलं. काही पॉलिसींमध्ये चोवीस तास भरती राहण्याची अटही सैल झाली.

हे सगळं खरं आहे आणि उपयोगाचं आहे. फक्त यातला एक धागा ओळखायला हवा. कंपनीला तीच सोय वाढवायला परवडते, जी जाहिरातीत मोठी दिसते आणि प्रत्यक्षात कमी वापरली जाते. दहा लाखांचं कव्हर असलेल्या कुटुंबाला त्याच वर्षात रिस्टोअरची गरज पडणं दुर्मीळ. शिवाय काही पॉलिसींमध्ये त्याच माणसाच्या त्याच आजारासाठी रिस्टोअर चालतच नाही. रोज अमुक पावलं चालल्यास हप्त्यात सूट देण्यामागेही एक हिशेब असतो. रोज दहा हजार पावलं चालणारा माणूस बहुधा निरोगी असतो, आणि निरोगी गिऱ्हाईक प्रत्येक कंपनीला हवं असतं.

दवाखान्यात उघडणारं पान

आता दुसरी बाजू. समजा एखाद्याकडे ३ लाखांची पॉलिसी आहे आणि तिच्यात खोलीभाड्याची मर्यादा कव्हरच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात स्वस्त खोली शिल्लक नव्हती, म्हणून ६,००० रुपयांची खोली घेतली. पाच दिवस राहिले. बिल असं झालं : खोली ३०,०००, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर ९०,०००, औषधं आणि तपासण्या ४०,०००. एकूण १,६०,००० रुपये.

घरच्यांचा हिशेब असा असतो की खोलीचे वरचे १५,००० आपण भरू, बाकी कंपनी देईल. कंपनीचा हिशेब वेगळा असतो. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून खोलीभाड्याशी जोडलेल्या इतर खर्चातही निम्मी कपात. खोलीचे १५,०००, सर्जन-भूल-थिएटरचे ४५,००० आणि औषध-तपासण्यांचे ४०,००० असे १ लाख कंपनी देते. खिशातून ६०,००० जातात. याला 'प्रपोर्शनेट डिडक्शन', म्हणजे प्रमाणशीर कपात म्हणतात. कव्हर ३ लाखांचं, बिल त्याच्या निम्म्यावर, आणि तरीही ऊसबिलाचा एक हप्ता गेला.

दुसरी अट को-पेची. को-पे म्हणजे प्रत्येक बिलाचा ठरलेला हिस्सा गिऱ्हाइकाने भरायचा. ज्येष्ठांच्या पॉलिसींमध्ये तो बऱ्याचदा असतो. ग्रामीण भागासाठी यातला एक प्रकार फार महत्त्वाचा आहे. अनेक कंपन्या देशाचे विभाग पाडतात. मुंबई, दिल्लीसारख्या शहरांत हप्ता जास्त, तालुक्याच्या गावात कमी. आपल्या पत्त्यावर हप्ता स्वस्त बसतो म्हणून माणूस खूश होतो. पण काही पॉलिसींमध्ये अट असते की स्वस्त विभागातल्या गिऱ्हाइकाने महाग विभागात उपचार घेतले तर १० किंवा २० टक्के को-पे लागेल. आपल्याकडे हृदयाचं, मेंदूचं, कॅन्सरचं मोठं दुखणं निघालं की माणूस पुण्या-मुंबईलाच नेला जातो. अडीच लाखांच्या बिलावर २० टक्के म्हणजे ५०,००० रुपये. स्वस्त हप्त्यात कित्येक वर्षं वाचवलेले पैसे एका भरतीत गेले.

तिसरी गोष्ट वेटिंग पिरियडची. अपघात सोडला तर पहिले ३० दिवस काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मुतखडा, गुडघा बदलणं अशा ठरावीक उपचारांना बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या आजारांना त्याहून जास्त. मोतीबिंदूसारख्या उपचारांवर काही पॉलिसींमध्ये रकमेची वेगळी मर्यादाही असते.

या अटींवर कंपन्यांमध्ये चढाओढ का होत नाही? काही प्रमाणात होते. खोलीभाड्याची मर्यादा नसलेल्या पॉलिसी आता मिळतात. पण विकणारा ज्यावर जोर देतो त्यात या अटी येत नाहीत. ट्रॅक्टर घेताना शेतकरी दोन शेजाऱ्यांना विचारतो, डिझेल किती खातो, चढावर कसा चालतो. विम्याची परीक्षा फक्त आजारपणात होते, आणि ती सगळ्यांची एकदम होत नाही. शेजाऱ्याने पॉलिसी घेतली असेल, पण क्लेम केला असेलच असं नाही. ज्या मालाची गुणवत्ता विकत घेतल्यावर पाच-दहा वर्षांनी कळते, त्याची स्पर्धा किमतीवर आणि वेष्टनावरच चालते.

नियम बदलले ते कुणी?

दवाखान्यातल्या अनुभवाशी जोडलेले मोठे बदल कायद्यातून आणि इर्डाच्या नियमांतून आले आहेत. ते पाहिले की चित्र स्पष्ट होतं.

१ ऑक्टोबर २०११ पासून पोर्टेबिलिटी सुरू झाली. म्हणजे आधीच्या कंपनीत काढलेला वेटिंग पिरियड सोबत घेऊन दुसऱ्या कंपनीत जाता येऊ लागलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच विमा संरक्षण देणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. २०२० मध्ये प्रमाणशीर कपातीला लगाम लागला. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांच्यावर ही कपात करता येत नाही. आणि ज्या दवाखान्यात खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरची फी बदलत नाही, तिथे तर ती लावताच येत नाही. तालुक्याच्या गावातल्या अनेक छोट्या दवाखान्यांत जनरल वॉर्डला आणि स्पेशल रूमला ऑपरेशनचा दर एकच असतो. अशा ठिकाणी कपात झाली तर तक्रारीला जागा आहे.

२०२४ मध्ये बदलांचा मोठा गठ्ठा आला. आधीच्या आजारांसाठीचा वेटिंग पिरियड जास्तीत जास्त ४८ महिन्यांचा होता, तो ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने पॉलिसी चालवली की फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय 'तुम्ही आजार लपवला होता' म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ही मुदत आधी ९६ महिने होती. कॅशलेसच्या विनंतीवर कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा. डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर होऊन रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. समितीने तपासल्याशिवाय क्लेम नाकारायचा नाही.

यातली कोणतीही गोष्ट एखाद्या कंपनीला दहा वर्षांपूर्वी आपणहून देता आली असती. सर्वांनी मिळून दिली नाही, कारण एकट्या कंपनीने दिली तर आजारी गिऱ्हाइकांची रांग तिच्याच दारात लागली असती. सगळ्यांना एकदम लागू होणारा नियम आला की ही भीती संपते.

माल एक, किंमत वेगळी

स्पर्धा नीट कुठे चालते ते पाहायचं असेल तर 'आरोग्य संजीवनी' ही पॉलिसी बघा. १ एप्रिल २०२० पासून इर्डाने ही पॉलिसी विकणं कंपन्यांवर बंधनकारक केलं. अटी इर्डाने ठरवल्या आणि त्या सगळीकडे सारख्या. खोलीभाडं कव्हरच्या २ टक्के, पण दिवसाला ५,००० पर्यंत. आयसीयू ५ टक्के, १०,००० पर्यंत. मोतीबिंदूला एका डोळ्यामागे कव्हरच्या २५ टक्के किंवा ४०,०००, यातलं जे कमी असेल ते. प्रत्येक क्लेमवर ५ टक्के को-पे. क्लेम नसेल तर दर वर्षी ५ टक्के बोनस, कमाल ५० टक्के.

अटी सारख्या, पण हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा. इथे गिऱ्हाइकाला डोकं लढवावं लागत नाही. वय आणि कव्हर सारखं धरून चार कंपन्यांचे हप्ते विचारायचे आणि ज्या कंपनीचं जाळं आपल्या भागात चांगलं, क्लेमची वागणूक चांगली, ती घ्यायची. ही पॉलिसी सर्वात उत्तम आहे असं नव्हे. मोठ्या शहरातल्या बिलाला ती तोकडी पडू शकते. पण दुसरी कुठलीही पॉलिसी पारखायला हे चांगलं माप आहे. एजंट जी पॉलिसी दाखवतो ती संजीवनीपेक्षा कुठे जास्त देते आणि कुठे कमी, एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

तालुक्यात स्पर्धा का पोचत नाही?

कंपन्यांची स्पर्धा दोन ठिकाणी चालते. एक गिऱ्हाइकासाठी, दुसरी रुग्णालयांशी दर ठरवताना. शहरात पन्नास रुग्णालयं असतात, त्यामुळे कंपनीला घासाघीस करता येते. जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणी हृदयरोगाचं किंवा अपघाताचं काम करणारी दोन-चारच रुग्णालयं असतील तर पारडं रुग्णालयाकडे झुकतं. शिवाय छोट्या दवाखान्यात विम्याची कागदपत्रं सांभाळायला वेगळा माणूस नसतो, आणि कंपनीकडून पैसे उशिरा आले तर त्याचं भांडवल अडकतं. म्हणून तो म्हणतो, आधी पैसे भरा, पावत्या देतो, नंतर कंपनीकडून घ्या. कागदावर दहा हजार रुग्णालयांचं जाळं असलं तरी आपल्या तालुक्यात त्यातलं एकही नसेल तर रात्री दोन वाजता दागिना गहाण ठेवण्याची वेळ येतेच.

दर ठरवताना कंपन्या जास्त असणं नेहमी गिऱ्हाइकाच्या बाजूचं असतं असंही नाही. २०१० मध्ये चार सरकारी कंपन्यांनी एकत्र येऊन मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळूरमध्ये ठरावीक दरांवर काम करणाऱ्या रुग्णालयांची यादी केली. जी रुग्णालयं तयार झाली नाहीत त्यांच्याकडची कॅशलेस सोय बंद केली. रुग्णांची तेव्हा मोठी ओढाताण झाली, पण एकीने मागितलं की रुग्णालयांवर दर कमी करण्याचा दबाव येतो, हेही दिसलं. पंचवीस-तीस कंपन्या सुट्या सुट्या गेल्या तर प्रत्येकीचं वजन कमी पडतं, आणि न कमी झालेला दर शेवटी हप्त्यातूनच वसूल होतो.

जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या परिषदेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केलं. यात जाळ्याबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येतं. ठरवून केलेल्या ऑपरेशनला ४८ तास आधी कळवायचं, तातडीच्या भरतीत ४८ तासांच्या आत. मात्र रुग्णालयाने तयारी दाखवली तरच ते घडतं. त्यामुळे आधी फोन करून विचारणं आलंच.

आणखी एक अट गावाकडे नडते. पॉलिसीत रुग्णालयाची व्याख्या असते. दवाखाना नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणी नसेल तर दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, चोवीस तास डॉक्टर आणि नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी, हे सगळं असावं लागतं. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याची नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का, एवढं आजच विचारून ठेवायला हरकत नाही. आजारपणात ते सुचत नाही.

निरोगी गिऱ्हाइकासाठी धावाधाव, जुन्याकडे पाठ

स्पर्धेचा सर्वात कठीण परिणाम जुन्या गिऱ्हाइकावर होतो. नवी पॉलिसी बाजारात येते तेव्हा तिचे गिऱ्हाईक नवे, तपासून घेतलेले, बहुधा तरुण असतात. क्लेम कमी येतात, हप्ता स्वस्त ठेवता येतो. पाच-सात वर्षांनी तेच लोक आजारी पडू लागतात, क्लेम वाढतात, हप्ताही वाढतो. मग कंपनी आणखी चकचकीत नवी पॉलिसी आणते. निरोगी माणूस नव्या पॉलिसीत किंवा दुसऱ्या कंपनीत उडी मारतो. ज्याला शुगर झाली, ज्याची अँजिओप्लास्टी झाली, तो जुन्यातच अडकतो. जुन्या पॉलिसीत आजारीच उरले की तिचा हप्ता आणखी चढतो.

पोर्टेबिलिटी आहे, पण ती हक्क आणि कृपा यांच्या मधली गोष्ट आहे. अर्ज करण्याचा हक्क तुमचा. स्वीकारायचं की नाही ते नवी कंपनी तुमची तब्येत पाहून ठरवते. म्हणून कंपनी बदलायची असेल तर अंगात दुखणं शिरण्याआधी बदलावी, आणि नवी कंपनी लेखी होकार देत नाही तोवर जुनी पॉलिसी सोडू नये. एक गोष्ट मात्र नियमाने पक्की आहे : क्लेम केला म्हणून जुनी कंपनी नूतनीकरण नाकारू शकत नाही. साठीच्या पुढच्यांसाठी जानेवारी २०२५ मध्ये इर्डाने आणखी एक बंधन घातलं. त्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी सल्लामसलत करावी लागते.

'क्लेम रेशो'च्या जाहिरातीही जपून वाचाव्यात. इर्डाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालानुसार सरकारी कंपन्यांनी आरोग्य विम्यात जमा झालेल्या दर शंभर रुपयांमागे शंभराहून थोडे जास्तच रुपये क्लेमपोटी दिले, तर निव्वळ आरोग्य विमा कंपन्यांनी पासष्टच्या आसपास. पण यावरून एक दानशूर आणि दुसरी लबाड असं म्हणता येत नाही. सरकारी कंपन्यांकडे कारखाने-कार्यालयांचा सामूहिक विमा जास्त आहे, आणि तो विमा स्पर्धेत फार कमी हप्त्यावर विकला जातो. निव्वळ आरोग्य विमा कंपन्यांकडे वैयक्तिक गिऱ्हाईक जास्त, आणि एजंटांचं जाळं चालवण्याचा खर्चही जास्त. तरीही हप्त्यातला किती भाग उपचारांवर जातो आणि किती विक्रीवर, हा प्रश्न विचारायलाच हवा.

सरकारी योजनेत उलटी स्पर्धा

२ जुलै २०१२ रोजी राज्याने राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली, त्यात आपला सोलापूर जिल्हा होता. तीच योजना पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं कव्हर होतं, ते पुढे ५ लाख झालं आणि योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. सत्तरीच्या पुढच्या सर्वांसाठी केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही.

विमा कंपनीमार्फत अशी योजना चालते तेव्हा स्पर्धा उलट्या बाजूने होते. काय मिळणार हे सरकार ठरवतं, आणि कोण कमी हप्त्यात देणार यावर कंपन्या बोली लावतात. वेटिंग पिरियड नाही, बारीक अक्षरातली पोटमर्यादा नाही. दर मात्र ठरलेले, म्हणून काही रुग्णालयं ते परवडत नाहीत अशी तक्रार करतात आणि यादीत येतच नाहीत. उपचारही यादीतलेच. तेव्हा खासगी पॉलिसी घेण्याआधी ही कार्डं काढून ठेवावीत, आणि खासगी पॉलिसी या योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी घ्यावी. एक काढली म्हणून दुसरी बाद होत नाही.

एजंटला विचारायचे प्रश्न

पॉलिसीसोबत 'ग्राहक माहिती पत्रक' देणं १ जानेवारी २०२४ पासून सक्तीचं आहे. मागितलं तर ते मराठीत द्यावं लागतं. ते मागा, आणि त्यात ही उत्तरं शोधा :

१. खोलीभाड्याला मर्यादा आहे का? रुपयांत आहे की खोलीच्या प्रकारात?
२. को-पे आहे का? पुणे-मुंबईत उपचार घेतल्यास वेगळा को-पे लागेल का?
३. आधीच्या आजारांसाठी किती महिने थांबायचं? ठरावीक ऑपरेशनसाठी किती?
४. आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कॅशलेस देणारी रुग्णालयं कोणती? नावं लिहून द्या.
५. माझं वय ६० होईल तेव्हाचा हप्ता आजच्या तक्त्यात किती दाखवला आहे?

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात.

अर्ज भरताना शुगर, बीपी, तंबाखू, जुनं ऑपरेशन, सगळं खरं लिहा. 'ते लिहू नका, हप्ता वाढेल' असं कुणी सांगितलं तर लक्षात ठेवा, त्याचं कमिशन आज मिळतं आणि तुमचा क्लेम चार वर्षांनी येतो. अर्जावर सही तुमची असते.

क्लेम अन्यायाने नाकारला गेला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जा. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या भागासाठी लोकपालाचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या वादाचा निकाल ते देऊ शकतात. तो निकाल कंपनीला मान्य करावाच लागतो. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा. इर्डाची हेल्पलाइन १५५२५५ आहे.

पुढचा फोन येईल तेव्हा 'कव्हर किती लाखांचं?' हा प्रश्न शेवटी ठेवा. पहिला प्रश्न हा विचारा : 'रात्री आमच्या गावातून माणूस घेऊन निघालो, तर सर्वात जवळचं कुठलं रुग्णालय पैसे न भरता दाखल करून घेईल?' उत्तर तोंडी नको, लेखी मागा.